कार्बन फायबरची प्लेट: सी-स्कॅन एक सांगतो, मायक्रोस्कोप दुसरंच. कशावर विश्वास ठेवू?

तंतू_आणि_रेझिन:

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमई करतेय, प्रोजेक्ट कार्बन फायबर-इपॉक्सी लॅमिनेटवर आहे आणि एका जागी पार अडकलेय म्हणून विचारतेय.

प्लेट अशी आहे की 200 जीएसएमचं (ग्रॅम प्रति चौरस मीटर) ट्विल कापड, 18 थर, हाताने लेअप म्हणजे रेझिन लावत थर रचले, वर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), ब्रीदर (हवा वाहू देणारं कापड) आणि व्हॅक्युम बॅग, मग ओव्हनमध्ये क्युअर म्हणजे रेझिन घट्ट केलं. जाडी साधारण 4 मिमी. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली क्युअर करायची भट्टी) आमच्याकडे नाही. पाण्याच्या टाकीत 5 मेगाहर्ट्झच्या प्रोबने सी-स्कॅन (अल्ट्रासॉनिक आवाजाने काढलेला प्लेटचा नकाशा) करून घेतला, गेट म्हणजे मोजणीची वेळखिडकी बॅकवॉल इकोवर, म्हणजे मागच्या पृष्ठभागावरून परत येणाऱ्या आवाजावर ठेवला होता. बाकी प्लेट एकसारखी दिसते पण व्हॅक्युमच्या नळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पॅच आहे, तिथे बॅकवॉल 12 डीबीने पडलाय आणि मध्यावर तर जवळजवळ गायबच आहे.

मग एक तुकडा पॅचमधून आणि एक चांगल्या भागातून कापला, माउंट केला, पॉलिश केला आणि मायक्रोस्कोपखाली बघितला तर दोन्हीकडे काळे ठिपकेच ठिपके, तेही फायबरच्या जुडग्यांच्या आत. सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड लावून (ठरावीक पातळीपेक्षा काळं ते पोकळी धरून) क्षेत्रफळ काढलं तर दोन्ही तुकड्यांत साधारण 6 टक्के! म्हणजे स्कॅन म्हणतो एक भाग चांगला एक वाईट, आणि मायक्रोस्कोप म्हणतो दोन्ही सारखेच वाईट. सर म्हणतात पोरॉसिटी (आतल्या बारीक पोकळ्या) 6 टक्के असं लिही आणि पुढे चल. मला ते पटत नाहीये कारण मग स्कॅनमध्ये फरक दिसला कशामुळे? कोणी नीट समजावून सांगेल का, आणि आता पुढे काय कापू, प्लेट एकच आहे.

प्रोबवाला:

सर्वात आधी एक सांगतो, आता काहीही कापू नकोस. सी-स्कॅनचं रंगीत चित्र बघून निष्कर्ष काढायचा नसतो, त्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक ए-स्कॅन, म्हणजे त्या जागी वेळेनुसार आलेल्या इकोंचा आलेख असतो तो उघडून बघायचा. ज्यांनी स्कॅन केला त्यांच्याकडे पूर्ण वेव्हफॉर्म सेव्ह असेल तर मागून घे, फक्त गेटची अँप्लिट्यूड सेव्ह केली असेल तर परत स्कॅन करायला सांग आणि या वेळी सगळा सिग्नल ठेवायला सांग.

काय बघायचं ते सांगतो. कार्बन-इपॉक्सीमध्ये जाडीच्या दिशेने आवाजाचा वेग साधारण 3000 मीटर प्रति सेकंद असतो, तुझी प्लेट 4 मिमी म्हणजे जाऊन-येऊन 8 मिमी, म्हणजे पुढच्या पृष्ठभागाच्या इकोनंतर सुमारे 2.7 मायक्रोसेकंदांनी बॅकवॉल यायला हवा. पॅचवर प्रोब ठेवल्यावर जर मध्येच, समजा 1.2 मायक्रोसेकंदाला, एक ठसठशीत इको उभा राहत असेल आणि बॅकवॉल गेलेला असेल तर ते डीलॅमिनेशन (थर सुटणं) आहे किंवा थरांमध्ये राहून गेलेली काहीतरी फिल्म आहे, आणि वेळेवरून ती कितव्या थराशी आहे ते पण कळेल. पण मध्ये असा एकही स्पष्ट इको नाही, नुसतं बारीक गवत उगवल्यासारखं दिसतंय आणि बॅकवॉल खचत गेलाय, तर ती बहुधा पोरॉसिटी. 5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 0.6 मिमी पडते, त्यामुळे वीस-तीस मायक्रॉनची पोकळी एकेकटी कधीच दिसणार नाही, पण अशा हजारो पोकळ्या मिळून आवाज विखुरतात आणि त्याचा हिशोब बॅकवॉलमध्ये लागतो. 6 डीबी पडला म्हणजे अँप्लिट्यूड निम्मी, 12 डीबी म्हणजे चतुर्थांश. इतका फरक उगाच पडत नाही.

तरी आधी खोटी कारणं बाजूला काढ. पील प्लायची खरखरीत बाजू प्रोबकडे होती का? कोपरा थोडा वाकलाय का, कारण प्लेट प्रोबला काटकोनात नसेल तर इको परत प्रोबमध्ये येतच नाही आणि पॅच असल्याचा भास होतो. पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटले होते का? टाकीत प्लेट सोडल्यावर हात फिरवून बुडबुडे काढावे लागतात, पाण्यात थोडं वेटिंग एजंट घालतात ते याचसाठी. प्लेट उलटी करून दुसऱ्या बाजूने स्कॅन कर, पॅच आरशातल्यासारखा त्याच जागी आला तर तो प्लेटच्या आत आहे. थ्रू ट्रान्समिशनची सोय असेल तर अजून उत्तम, एका बाजूने सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने ऐकायचं, त्यात पोरॉसिटीचा फरक फार स्वच्छ येतो, फक्त दोष किती खोल आहे ते त्यात कळत नाही.

मी विमानांच्या मेन्टेनन्समध्ये आहे, एनडीटीचा (न तोडता तपासणी) लेव्हल 2 प्रमाणपत्रधारक. आमच्याकडे रेफरन्स स्टँडर्डशिवाय, म्हणजे माहीत असलेले दोष मुद्दाम घातलेल्या नमुन्याशिवाय प्रोबला हात लावत नाहीत. तुला पण एक करता येईल: त्याच कापडाचा, त्याच रेझिनचा छोटा पॅनेल कर आणि वेगवेगळ्या खोलीवर टेफ्लॉन फिल्मचे 6 मिमी आणि 12 मिमीचे गोल घाल. मग तुझ्या सेटअपला किती लहान दोष कोणत्या खोलीवर दिसतो हे तुझ्याकडे कागदावर असेल, आणि व्हायवामध्ये कोणी विचारलं तर पुस्तकातलं उत्तर द्यावं लागणार नाही.

भिंगाखाली:

प्रोबवाला यांनी आवाजाची बाजू नीट सांगितली आहे, मी मायक्रोस्कोपची सांगते. माझी उभी हयात मेटलोग्राफी लॅबमध्ये गेली आहे आणि तुझं वर्णन वाचूनच वाटतंय की तुझे ते 6 टक्के पोरॉसिटीचे नाहीत, पॉलिशिंगचे आहेत.

कार्बनचा एक तंतू साधारण 5 ते 7 मायक्रॉनचा असतो. तुझे काळे ठिपके मोठं मॅग्निफिकेशन लावून मोज. ते नेमके तंतूच्याच मापाचे, गोल, कडा तुटक्या-फुटक्या आणि जुडग्याच्या आत असतील तर तिथे तंतू होता आणि पॉलिश करताना तो उपटून आला किंवा त्याचं टोक तुटलं. त्याला पुल-आउट म्हणतात. खरी पोकळी वेगळी दिसते. तिच्या कडा गुळगुळीत असतात कारण रेझिन पातळ असताना हवा किंवा वाफ आत अडकली आणि रेझिन तिच्याभोवती घट्ट झालं. थरांच्या मध्ये असेल तर चपटी, भिंगासारखी, आणि कापडाचं लॅमिनेट असल्यामुळे उभे-आडवे धागे एकमेकांवरून जातात त्या खळग्यांत रेझिनचे साठे असतात तिथे बऱ्याचदा सापडते. दोन्ही तुकड्यांत सारखाच आकडा आला हीच मोठी खूण आहे, कारण पॉलिश करणारा हात दोन्हीकडे एकच होता!

आता पॉलिशिंग परत कर, तेच तुकडे चालतील, नवीन कापायची गरज नाही. पण आधी सांग, माउंटिंग कशात केलंस? गरम प्रेसमध्ये बॅकेलाइटमध्ये केलं असेल तर ते तुकडे टाकून दे, तिथलं तापमान आणि दाब स्टीलला ठीक आहे, इपॉक्सीच्या लॅमिनेटला नाही. थंड जमणारं, सावकाश क्युअर होणारं इपॉक्सी घ्यायचं आणि ओतल्यावर व्हॅक्युममध्ये ठेवायचं म्हणजे उघड्या पोकळ्यांत ते शिरतं आणि कडा पॉलिश करताना ढासळत नाहीत. त्या माउंटिंग रेझिनमध्ये फ्लुरोसंट डाय मिसळता आला तर सोन्याहून पिवळं. मग फ्लुरोसन्सच्या फिल्टरखाली भरलेली पोकळी आणि भेग चमकते. नंतर उपटलेल्या तंतूचं भोक मात्र काळंच राहतं कारण ते माउंटिंग झाल्यावर पडलंय. इतका साधा आणि खात्रीचा निवाडा दुसरा नाही.

पॉलिशिंगला पाणी चालू ठेवून 320 च्या वॉटर पेपरने फक्त सपाट होईपर्यंत, पण करवतीने झालेलं नुकसान त्यात निघून जायला हवं. मग 600, मग 1200, आणि प्रत्येक पेपरला तुकडा 90 अंशांत फिरवायचा म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. पुढे डायमंड पेस्ट 3 मायक्रॉन, मग 1 मायक्रॉन, कमी लव असलेल्या कडक कापडावर. मखमली कापडावर घासत बसलीस तर रेझिन खाली जातं, तंतू वर राहतात आणि सगळ्या कडांना सावली पडते, ती सावली पण थ्रेशोल्डमध्ये पोकळी म्हणून मोजली जाते. शेवटी 0.05 मायक्रॉनचं अल्युमिना, तेही थोडाच वेळ. दोन पायऱ्यांच्या मध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये धुवायचं नाहीतर आधीच्या पायरीचा एक कण पुढच्या कापडावर गेला की सगळी मेहनत वाया. आणि दाब कमी, खूप कमी. पोरं घाईत दाबतात तिथेच तंतू निघतात.

एक उलटी गफलत पण सांगते जी फार कमी जणांना माहीत असते. घासून निघालेला चिखल पोकळीत जाऊन बसतो आणि पोकळी भरलेली दिसते, म्हणजे पॉलिशिंगमुळे पोरॉसिटी वाढून जशी दिसते तशी लपूही शकते. म्हणून एकच जागा पक्की धरायची, फोटो काढायचा, परत 1 मायक्रॉनवर थोडं पॉलिश करून धुवून त्याच जागेचा फोटो काढायचा. पुल-आउट कमी होत जातील, खरी पोकळी जागेवर राहील.

सज्जनगडचा_वारा:

मी पवनचक्कीच्या पात्यांवर काम करतो, सातारा भाग, चाळकेवाडी पठार आणि आजूबाजूला. आमचं मटेरियल काचेचं, म्हणजे ग्लास फायबर, त्यामुळे ताईंच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली, टॅप टेस्ट. दोरावर लटकून पात्यावर छोट्या हातोडीने टकटक करत जातो, चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो आणि आत डिंक सुटला असेल तिथे बद्द. कुंभाराकडे माठ घेताना आपण वाजवून बघतो तसंच. याला कोणी कमी समजू नये, पातळ स्किनखाली फोम किंवा बाल्सा असतो तिथली सुटलेली जागा यात झटकन कळते. पण जाड भरीव लॅमिनेटमध्ये खोलवरचं काही कळत नाही आणि पोरॉसिटी तर अजिबात नाही, त्यामुळे तुमच्या 4 मिमीच्या प्लेटवर टॅप करून ठीक वाजली म्हणून निश्चिंत होऊ नका.

दुसरी, काचेच्या लॅमिनेटला रंग नसेल तर मागून जोरदार टॉर्च मारायचा. हवा अडकली असेल, थर सुटले असतील तर दुधाळ पांढरट डाग दिसतो. कार्बन काळा असल्यामुळे तुम्हाला हे जमणार नाही, पण तीच व्हॅक्युम बॅग, तीच नळी, तेच रेझिन वापरून ग्लासची एक प्लेट करून बघा, कोपऱ्यात हवा कुठे अडकते ते साध्या डोळ्यांनी दिसेल. खर्च काहीच नाही.

पात्यात आम्हाला खरी धास्ती सुरकुतीची. स्पार कॅपमध्ये (पात्याचा भार पेलणारा लांब जाड पट्टा) थर दुमडून लाट तयार होते, तिथे ना हवा असते ना फट, म्हणून अल्ट्रासॉनिकमध्ये साधा इको येत नाही. मटेरियल जाड आणि आवाज खाणारं म्हणून प्रोबही 0.5 ते 1 मेगाहर्ट्झचा लागतो, आणि फ्रिक्वेन्सी कमी केली की बारीक तपशील जातो. लाट आहे की नाही हे शंभर टक्के सांगायचं तर कापून कडेने पॉलिश करून बघावंच लागतं, आणि चालू पातं कापणार कोण?

प्रोबवाला:

वाऱ्याच्या दादांशी सहमत, टॅप टेस्टची मर्यादा ओळखून वापरली तर ती सोनं आहे. मर्यादा विसरली की काय होतं त्याचं उदाहरण देतो. 6 मार्च 2005 ला एअर ट्रान्सॅटचं ए-310 क्युबातल्या व्हाराडेरोहून क्वेबेकला निघालं आणि हवेतच त्याचा बराचसा रडर (उभ्या शेपटाचा मागचा हलणारा भाग) तुटून गेला. सुदैवाने विमान परत सुखरूप उतरलं. तो रडर सँडविच बांधणीचा (हलक्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना पातळ स्किन), कंपोझिटचा. तपास कॅनडाच्या टीएसबीने (वाहतूक अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) केला आणि त्यांचं म्हणणं होतं की त्या रडरसाठी ठरवून दिलेला तपासणीचा कार्यक्रम सगळे दोष पकडायला पुरेसा नव्हता. म्हणजे तपासणी होत होती, पण वरून बघणं आणि ठोकून ऐकणं यावरच मुख्य भर होता, आणि दोष तिथे होता जिथे ते पोचत नाही.

आणि मायक्रोस्कोपचं महत्त्व बघायचं तर 12 नोव्हेंबर 2001, अमेरिकन एअरलाइन्स 587, न्यूयॉर्कहून उडाल्या-उडाल्या ए-300 चं कार्बन फायबरचं उभं शेपूट निखळलं, 265 माणसं गेली. तेव्हा सगळीकडे एकच शंका, कंपोझिट आतून सडलं होतं का, जुना दोष होता का. एनटीएसबीने (अमेरिकेची तशीच संस्था) शेपटाच्या जोडणीचे लग, म्हणजे बोल्टची भोकं असलेले कान, अल्ट्रासॉनिकने आणि सीटी स्कॅनने तपासले आणि तुटलेले पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले. नासाच्या लँगली केंद्राचे लोकही त्या कामात होते. फटीगची (वारंवारच्या ताणाने हळूहळू वाढणाऱ्या भेगेची) खूण सापडली नाही, लग एका झटक्यात क्षमतेबाहेरच्या लोडने तुटले होते, आणि तो लोड रडर पेडल टोकापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा मारल्यामुळे आला होता. नुसत्या एनडीटीने हे उत्तर मिळालं नसतं आणि नुसत्या मायक्रोस्कोपनेही नाही.

राइनकाठ:

जर्मनीहून लिहितोय, मी एक्स-रे सीटीच्या लॅबमध्ये असतो. तुमच्या कॉलेजात किंवा ओळखीत कुठे मायक्रो-सीटी असेल तर पॅचमधला एक छोटा तुकडा त्यात टाका, पण काय अपेक्षा ठेवायची ते आधी माहीत हवं. डिटेक्टरवर साधारण 2000 पिक्सेल धरले तर 20 मिमी रुंद तुकड्याला एक व्हॉक्सेल (त्रिमितीतला पिक्सेल) 10 मायक्रॉनचा पडतो. म्हणजे एकेक तंतू दिसणार नाही पण 30-40 मायक्रॉनच्या वरच्या पोकळ्या दिसतील, आणि मुख्य म्हणजे त्यांचा आकार तिन्ही दिशांनी दिसेल. मायक्रोस्कोपखाली तुम्ही एकच काप बघता. जुडग्याच्या बाजूने लांबलेली पोकळी आडव्या कापात ठिपका दिसते आणि उभ्या कापात लांबलचक रेघ, म्हणून सीटी नसेल तर निदान दोन्ही दिशांनी काप घ्या.

कार्बन आणि इपॉक्सी दोन्ही हलक्या मूलद्रव्यांचे, त्यामुळे त्यांच्यात एक्स-रेचा कॉन्ट्रास्ट फार कमी, व्होल्टेज खाली ठेवावं लागतं. हवा मात्र छान वेगळी दिसते. साध्या सपाट एक्स-रेच्या नादाला लागू नका, थर सुटलेली फट किरणांना आडवी पसरलेली असते आणि किरणाच्या वाटेत मटेरियल जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून फिल्मवर काहीच उमटत नाही.

तंतू_आणि_रेझिन:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी येतेय कारण सगळं परत करत होते.

प्लेट उलटी करून स्कॅन केला, पॅच त्याच जागी आला. ए-स्कॅनमध्ये पॅचच्या बहुतेक भागात मध्ये काही इको नाही, नुसता बॅकवॉल खाली, पण अगदी मध्यावर जिथे बॅकवॉल गायब होता तिथे साधारण अर्ध्या जाडीवर एक इको उभा राहतो. भिंगाखाली ताई, माउंटिंग थंडच होतं पण व्हॅक्युम नव्हता आणि कापड मखमली होतं. म्हणून नवीन माउंटमध्ये डाय घालून परत केलं. चांगल्या भागातले ठिपके जवळपास सगळे गेले!! पॅचमधल्या तुकड्यात थरांच्या मध्ये चपट्या पोकळ्या चमकताना दिसल्या, आणि मधल्या थरापाशी दोन-तीन एकमेकींना जोडल्यासारख्या. सरांना फोटो दाखवले, तेही म्हणाले की 6 टक्के काढून टाक.

आता शेवटचा प्रश्न, टक्केवारी द्यायचीच तर कशी देऊ? आणि ताकदीवर परिणाम झाला हे दाखवायला उरलेल्या प्लेटमधून काय कापू?

भिंगाखाली:

शाब्बास, फार बरं वाटलं वाचून.

टक्केवारी एका फोटोवरून देऊ नकोस. 50 पटीवर पूर्ण कापाचे फोटो जोडून एक लांब पट्टी कर, वरच्या पृष्ठभागापासून खालच्यापर्यंत सगळे 18 थर आले पाहिजेत, दोन्ही दिशांचे काप घे, आणि प्रत्येक पट्टीचा आकडा वेगळा लिही म्हणजे विखुरणी किती आहे ते वाचणाऱ्याला दिसेल. थ्रेशोल्ड लावल्यावर तंतूच्या मापाचे गोल ठिपके वेगळे काढ आणि काढले असं लिही.

जोडीला घनतेवरून पण काढता येतं, पण त्या आकड्यावर फार भार टाकू नकोस. तंतूचं प्रमाण 55 टक्के धरलं, घनता कार्बनची 1.78 आणि इपॉक्सीची 1.2 ग्रॅम प्रति घन सेमी धरली, तर पोकळीविरहित घनता 1.52 च्या आसपास येते. त्यात 0.01 ची जरी चूक झाली तरी पोकळीच्या आकड्यात 0.7 टक्क्याच्या आसपास फरक पडतो, आणि विमानाच्या भागांना साधारण 2 टक्क्यांची मर्यादा धरतात तिथे हा फरक थोडा नाही. कधीकधी तर पोकळी उणे येते! तंतूचं प्रमाण काढायला ग्लासमधलं रेझिन भट्टीत 565 अंशांवर जाळतात, कार्बनला ते करू नकोस, हवेत कार्बन स्वतःच जळायला लागतो. त्याला ॲसिडमध्ये रेझिन विरघळवतात आणि ते काम सवयीच्या लॅबकडूनच करून घ्यायचं, कॉलेजच्या लॅबमध्ये अजिबात नाही.

प्रोबवाला:

ताकदीसाठी शॉर्ट बीम शिअर कर (आखूड तुकडा दोन आधारांवर ठेवून मध्ये दाबायचा), चाचणीचं मानक एएसटीएम डी2344. पोरॉसिटीला सगळ्यात आधी बळी पडते ती थरांमधली शिअर ताकद (थर एकमेकांवरून घसरू न देणारी), 4 टक्क्यांपर्यंत दर एक टक्का पोकळीमागे ती साधारण 7 टक्क्यांनी उतरते असं धरतात. तंतूच्या दिशेची टेन्साइल (ओढून तोडायची) टेस्ट करशील तर फरक दिसणारच नाही आणि चुकीचा निष्कर्ष निघेल.

4 मिमी जाडीला तुकडा 24 मिमी लांब, 8 मिमी रुंद, आणि आधारांमधलं अंतर 16 मिमी. इतके छोटे असल्यामुळे तळहाताएवढ्या पॅचमधूनही पुरेसे निघतात. कापण्याआधी सी-स्कॅनचं चित्र मापात प्रिंट करून प्लेटवर ठेव, पांढऱ्या मार्करने प्रत्येक तुकड्याची चौकट आखून नंबर टाक आणि प्रत्येक नंबरसमोर त्या जागचा डीबी लिहून ठेव. तीन गट कर: चांगला भाग, नुसता बॅकवॉल पडलेला भाग, आणि जिथे मध्ये इको आहे तो भाग. हे गट एकत्र करून सरासरी काढू नकोस, तो तिसरा गट मुळात डीलॅमिनेशनचा आहे आणि नेमका मधल्या थरापाशी, जिथे शॉर्ट बीममध्ये शिअर सगळ्यात जास्त असतो. करवत डायमंडची, पाणी चालू, तोंडाला मास्क, आणि कापून झाल्यावर आजूबाजूच्या मशीनच्या पॅनेलवर धूळ बसलेली नाही ना ते बघ, कार्बनची धूळ वीज वाहून नेते.